मागच्या डाव्या चाकाचा संशय

आमच्या यूटला ब्रेक होते. हे आधीच स्पष्ट करतो, कारण शेजारच्या ग्रॅहमचं मत वेगळं आहे.

यूट म्हणजे पुढे माणसं आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. पुण्यात हिला पिकअप म्हणतात आणि तिच्यातून कांदे-बटाटे येतात. न्यूझीलंडमध्ये तिच्यातून कुत्रं, कुदळ, सर्फबोर्ड आणि घराण्याची इज्जत असं सगळं एकदम नेता येतं. आमची यूट आमच्या सायलीपेक्षा वयानं मोठी. सायली एकोणीस वर्षांची आहे. तिला द्राक्षांच्या हंगामापुरतं मार्टिनबरोच्या एका मळ्यावर काम मिळालं, आणि तिनं स्वतःच्या पैशानं ही गाडी घेतली. रविवारी सकाळी निघायचं. माझ्याकडे एकच काम होतं: "बाबा, जस्ट एक नजर टाका."

मार्टिनबरो तसं लांब नाही. पण आमच्या पोरिरुआहून तिकडे जायचं तर मध्ये रेमुटाकाचा घाट लागतो. वळणं अशी, की आपल्याच गाडीचे मागचे दिवे आपल्याला पुढे दिसावेत! वर वेलिंग्टनचा वारा, जो गाडीला वळायला मदत करतो. (कुठल्या बाजूला, हे तो ठरवतो.)

मी एक नजर टाकली. म्हणजे ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. आणखी खाली गेला. मग बऱ्याच खोलवर कुठेतरी ब्रेकला माझी आठवण झाली.

"दोनदा दाबायचा, विन!" कुंपणापलीकडून ग्रॅहम म्हणाला. हा निवृत्त माणूस बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कुंपणाशी उभा असतो. "दुसऱ्यांदा दाबला की लागतो. शी'ल बी राइट, मेट!"

'शी'ल बी राइट', म्हणजे होईल सगळं ठीक, हे या देशाचं तत्त्वज्ञान आहे. छप्पर उडालं? शी'ल बी राइट. बोट बुडाली? शी'ल बी राइट. मी चोवीस वर्षं इथं राहतोय, पण हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ब्रेक ही काय दोनदा मागायची गोष्ट आहे? ती काय आमटी आहे?

शिवाय हा माझा विषय. शहराच्या पाण्याच्या वाहिन्या आखणं ही माझी नोकरी. बंद नळीतल्या द्रवाचा दाब या एका गोष्टीवर आमच्या घराचा हप्ता चालतो. आणि ब्रेक म्हणजे तरी काय? बंद नळी, आत द्रव, एका टोकाला माझा पाय, दुसऱ्या टोकाला चाक. मी ऑफिसातून आठवड्याची रजा घेतली.

"गॅरेजला दे ना," माझी बायको मेधा म्हणाली.

"गॅरेजवाला दाब मोजणार नाही. तो नुसता दाबून बघणार."

"मग तू काय करणार?"

"मोजणार."

"बाबा," सायली म्हणाली, "रविवारपर्यंत होणार ना? नाहीतर आय कॅन गो विथ जॉश. ऑन हिज मोटरबाइक."

आता जॉशला मी एकदाच पाहिलं होतं, तेही आमच्या गल्लीतून फक्त मागच्या चाकावर जाताना. म्हणजे एकीकडे ब्रेक नसलेली यूट आणि दुसरीकडे ब्रेकची गरजच नसलेला जॉश!

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना रोगाचं स्वरूप समजावून सांगितलं. इथं माझी पहिली चूक झाली, कारण 'सगळ्यां'मध्ये आई होती. आई कोथरूडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली. मी औषधाच्या जुन्या पिचकारीत ताक भरलं, थोडी हवा ठेवली आणि तोंड बोटानं बंद करून दट्ट्या दाबला.

"हे बघा. हवा असली की दट्ट्या आत जातो, पण ताक जागचं हलत नाही. म्हणजे पाय दाबतोय, पण गाडी थांबत नाही."

"घाटात?" आईनं विचारलं.

"घाटात तर मुळीच नाही," मी शास्त्रीय अलिप्ततेनं म्हणालो आणि बोट काढलं. ताक आईच्या चष्म्यावर उडालं. पण तिनं चष्मा पुसलासुद्धा नाही. हातातला घास ताटात ठेवून ती नातीकडे बघत राहिली.

सोमवारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा कार्यक्रम. याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाखाली झोपून हवा सोडायचा स्क्रू सैल करायचा. नळीतून बुडबुडे बाहेर येतात (आमच्याकडे नळीचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडलं होतं), मग स्क्रू घट्ट करायचा आणि तेव्हाच आतल्यानं पाय सोडायचा. त्याआधी पाय सोडला तर बाहेरची हवा आत शिरते आणि मुळापासून सुरुवात. थोडक्यात, नवऱ्यानं सांगितलेलं बायकोनं तंतोतंत करायचं, अशा गृहीतकावर हे सगळं शास्त्र उभं आहे!

मेधा घरून काम करते. तिची मीटिंग होती. तिनं लॅपटॉप डॅशबोर्डवर ठेवला आणि ड्रायव्हरच्या जागी बसली.

"दाब!" मी खालून ओरडलो.

"दाबलाय."

"अजून दाब!"

"अरे, संपला खाली! आता काय रस्त्याला टेकवू?"

"धर! धरून ठेव! सोडू नकोस!"

"पाय भरून आलाय माझा!"

"सोडू नकोस म्हणतोय ना! आत्ता सोडलंस तर सगळं वाया जाईल!"

मग लॅपटॉपमधून एका पुरुषाचा हळुवार आवाज आला, "मेधा... आर यू सेफ?"

मेधानं माइक बंद केलाच नव्हता. तो बंद करायला ती पुढे वाकली, पाय सुटला, आणि बरणीतला अर्धा ऐवज सूं करून परत नळीत गेला. त्या दिवशी आम्ही चारही चाकांची हवा काढली आणि ऑफिसातल्या दोन जणांनी मेधाला स्वतंत्रपणे फोन करून घरचं सगळं बरं आहे ना, विचारलं.

एवढं करून ब्रेक होता तिथंच. तेव्हा मी मागच्या चाकांच्या ड्रमकडे वळलो. मागच्या चाकात एक बंद डबा असतो, तोच ड्रम. त्याच्या आत दोन पट्टे असतात, ते फाकून ड्रमला घासले की चाक थांबतं. आतलं अंतर कमी-जास्त करायला एक दातेरी चाकी असते. तिच्यापर्यंत पोचायला ड्रमला छोटं भोक, आणि भोकाला रबरी बूच. मी दोन्ही बुचं काढली, आत बॅटरी मारली, चाकी फिरवली, गज घालून अंतर मोजलं आणि बुचं परत लावली नाहीत. निरीक्षणाला भोक उघडं बरं. (शिवाय बुचं सापडली नाहीत.)

"काय निघालं?" जेवताना मेधानं विचारलं.

"मला मागच्या डाव्या चाकाचा संशय आहे."

"का?"

"अनुभव."

मंगळवारी सकाळी बाहेर येऊन बघतो तर मागचं डावं चाक ओलं! तेलकट, चकचकीत ओघळ. मला भीती वाटली, हे खरं; पण त्याहून जास्त, काय सांगू, समाधान वाटलं. संशय रात्री आणि पुरावा सकाळी! डॉक्टरांचंसुद्धा इतकं बरोबर येत नाही. मी ओघळाला बोट लावलं. लालसर रंग.

"रस्ट," ग्रॅहम कुंपणावरून म्हणाला. "जुन्या गाड्या भरपूर गंजतात."

वास घेतला. ओळखीचा वाटला. पण दोन दिवस ब्रेकच्या तेलात लोळल्यावर तो ओळखीचा वाटणारच, असा मी निष्कर्ष काढला.

चाकातला दाबाचा छोटा सिलिंडर गळतोय हे उघड होतं. नवा आणला, बसवला. मेधाला पुन्हा ब्रेकवर बसवलं (या वेळी तिनं मीटिंगमध्ये आधीच सांगून टाकलं की नवरा ओरडेल, लक्ष देऊ नका). संध्याकाळी पाय दाबला तर तो कालच्यापेक्षा खोल गेला!

"आता?" सायलीनं विचारलं.

"आता मागच्या उजव्याचाही भरवसा नाही," मी म्हणालो.

आईनं वाटीतलं वरण ढवळत नीट ऐकून घेतलं. "उजवं म्हणजे कुठल्या बाजूनं बघितल्यावर रे, विनू?"

"गाडीत बसल्यावर उजवं."

"बरं."

आईला यंत्रांत रस वाटायला लागला याचं मला कौतुक वाटलं.

बुधवारी सकाळी मागचं उजवं चाक ओलं. आणि डावंही! तेच, ज्याच्यात मी काल कोरा करकरीत सिलिंडर बसवला होता! मी धावत जाऊन बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाची टाकी बघितली. तेल काठोकाठ. एक मिलिमीटरसुद्धा उतरलेलं नाही. दोन चाकं गळतायत आणि टाकी भरलेली! ऑफिसात कुणी मला असं सांगितलं असतं, तर मी त्याला विचारलं असतं की पाणी आपल्याच वाहिनीतलं आहे कशावरून. पण तो प्रश्न ऑफिसातल्या शांत माणसाला सुचतो. ज्याची मुलगी रविवारी घाट उतरणार आहे, त्याला सुचत नाही. मी ठरवलं, टाकीवरची खूणच चुकीची असणार.

त्यातच घरात वेगळी कुरबुर सुरू झाली.

"आई, देवाचं तिळाचं तेल एवढ्यात कसं संपलं?" मेधा स्वयंपाकघरात विचारत होती. "परवा तर नवी बाटली काढली."

"वात फार पिते गं इथं," आई म्हणाली. "वारा किती!"

वेलिंग्टनच्या वाऱ्यावर काहीही ढकललं तर इथं खपतं. मीही मान हलवली.

गुरुवारी मी दिवसभर मागच्या दोन्ही चाकांशी झटलो. पुसायचो, चाकी फिरवायचो, दाबून बघायचो. जितकी दुरुस्ती करावी, तितका पाय खोल जायचा. हँडब्रेकही आता नावापुरता उरला होता, म्हणून चाकाखाली वीट ठेवली. आमचा ड्राइव्हवे म्हणजे पोरिरुआच्या टेकडीवरची घसरगुंडीच. वर आम्ही, खाली रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला ग्रॅहम.

त्या संध्याकाळी माझा धीर सुटला. "आता सगळीच चाकं जाणार," मी ताटावर बसून म्हणालो. "पुढची दोन तेवढी राहिली आहेत. सायली, तू नाही गेलीस तर..."

"देन आय लूज द जॉब, बाबा." ती एकदम चिडली नाही, हे जास्त वाईट होतं. "मी फर्स्ट टाइम काहीतरी स्वतःचं केलंय. गाडी, जॉब, ऑल ऑफ इट. तुम्हाला वाटतंय ते ब्रेकचं नाहीये."

"मग कशाचं आहे?"

तिनं फोनमध्ये डोकं घातलं. जॉशला मेसेज करत होती की काय, ते मला दिसलं नाही. मी वाकून बघितलं, तरी दिसलं नाही.

शुक्रवार उजाडला. कचऱ्याचा वार. खाली ग्रॅहमचे डबे ओळीनं उभे. मी बाहेर आलो, तर मागची दोन्ही चाकं ओली आणि पुढचं डावंही ओलं! माझ्या हिशोबानं तीन चाकं चार दिवसांत, आणि तीही मी नावं घेतलेल्या क्रमानं गळायला लागणं, ही अशक्य कोटीतली गोष्ट होती. मला स्वतःच्या जिभेची भीती वाटायला लागली. चाक फिरवून बघावं म्हणून मी खालची वीट काढली.

यूट हलली.

आधी अगदी नम्रपणे, 'येऊ का?' असं विचारल्यासारखी. हँडब्रेक ओढलेला होता. मी दार धरलं; दारानं मलाच चालवायला सुरुवात केली. "थांब!" मी ओरडलो. (यूटला! मराठीत!) यूट माझ्या हातातून सुटून उताराला लागली आणि नाटकाचा पडदा बाजूला व्हावा तशी समोरून सरकली.

पडद्यामागे आई उभी होती. पंजाबी ड्रेसवर माझं फुगीर जॅकेट, एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. उंची पाच फुटांच्या आत असल्यामुळे यूटच्या पलीकडे ती दिसलीच नव्हती. तिनं घरंगळणाऱ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वाटी सावरत चक्क गाडीमागे धावायला लागली.

"अरे थांबव तिला! पुढचं उजवं राहिलंय!"

"आई, मागे ये!"

"तीनच झाली रे, विनू! अर्धवट जाऊ देऊ नकोस!"

खाली ग्रॅहम नुकताच तिसरा डबा ठेवून वळला होता. त्यानं यूट बघितली, तिच्यामागे धावणारी माझी आई बघितली, तिच्यामागे धावणारा मी बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच 'शी'ल बी राइट' न म्हणता तो कुंपणावरून आत उडी मारता झाला. एक जँडल रस्त्यावरच राहिली. यूटनं तिन्ही डबे एकामागून एक आडवे केले, त्यातल्या बाटल्यांवर चढली आणि एका डब्यावर हनुवटी टेकून थांबली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मी तिथंच रस्त्यावर बसलो, बिअरच्या बाटल्यांमध्ये. सकाळी पावणेआठला. ऑफिसला जाणाऱ्या दोन गाड्या माझ्याकडे बघत हळू झाल्या आणि पुढे गेल्या.

मेधा आणि सायली धावत आल्या. मेधानं आईच्या हातातली वाटी घेतली, वास घेतला, आणि तिचा चेहरा उजळला. "हे देवाचं तेल!"

"आई," मी बसल्या जागेवरून विचारलं, "तू चाकांना तेल घालतेस?"

"मग? माणूस लांब निघालं की चाकावर पाणी घालतो ना आपण? हे तर संकट केवढं! तूच म्हणालास, घाटात मुळीच थांबणार नाही. म्हणून तेल. रोज तू ज्या चाकाचं नाव घ्यायचास, त्याला वाढवत गेले."

"पण एवढं? आतपर्यंत?"

"वरून घातलं की ओघळून वाया जायचं. मग बघितलं तर तू मागच्या चाकांना भोकं ठेवलेली. म्हटलं, पोरानं सोय करून ठेवलीय. भोकातून घालायचे, अगदी थेंबही न सांडता."

माझ्या उघड्या भोकांतून आईचं तिळाचं तेल चार दिवस ब्रेकच्या पट्ट्यांना पोचत होतं. मी घाबरलो की आईचा हात सैल सुटायचा. आईचा हात सुटला की चाक ओलं व्हायचं. चाक ओलं झालं की मी आणखी घाबरायचो! आणि लालसर गंज? कुंकू. ग्रॅहमला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नाइस रस्ट."

शनिवारी मागचे पट्टे नवे घातले. तेल प्यायलेले कशानंच सुधारण्यासारखे नव्हते. सायली माझ्याशेजारी फोनवर व्हिडिओ लावून बसली होती. मी गजानं चाकी फिरवायला लागलो.

"बाबा. अदर वे."

"काय?"

"तुम्ही उलटी फिरवताय. धिस इज लूजनिंग."

म्हणजे चार दिवस मी पट्टे ड्रमपासून काळजीपूर्वक लांब नेत होतो, आणि मोजूनमापून नेत होतो. मुळात दुखणं तेवढंच होतं: झिजलेले पट्टे, वाढलेलं अंतर. सायलीनं चाकी उलट, म्हणजे सुलट, फिरवली. मी ब्रेक दाबला. पाय वरच थांबला, दगडासारखा.

"म्हणजे पाइपात हवा नव्हतीच," मेधा म्हणाली. "हवा दुसरीकडेच होती."

दुपारी गॅरेजवाल्यानं गाडी तपासली, गल्लीत एक चक्कर मारली आणि "स्वीट अ‍ॅज" म्हणाला. म्हणजे एकदम झकास. त्यानं काहीच मोजलं नाही. दोन्ही भोकांना नवी बुचं बसवली, फुकट.

"बघ," आई संध्याकाळी म्हणाली, "तेलानं गुण आला की नाही?"

मी खूप विचार केला. तेल घातलं नसतं तर पट्टे बदलले नसते. पट्टे बदलले नसते तर चाकी पुन्हा मीच फिरवली असती. तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना.

रविवारी सकाळी सायली निघाली. आईनं कबूल केल्याप्रमाणे चाकांवर फक्त पाणी घातलं. ग्रॅहमनं आधीच डबे कुंपणाच्या आत घेतले होते. यूट उताराच्या तळाशी गेली, ब्रेकचे दिवे लागले, आणि ती जिथं थांबायला हवी तिथं बरोब्बर थांबली. मग वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही तिघं आत येऊन फोनभोवती बसलो. कुणी काही खाल्लं नाही. आईनं जप धरला, मेधानं नकाशावरचा ठिपका धरला, मी घड्याळ धरलं.

शेवटी फोन वाजला. मेधानं स्पीकर लावला.

"पोचले! ब्रेक्स आर ऑसम! घाटात एकदाही सेकंड टाइम दाबावं लागलं नाही." आम्ही तिघांनीही श्वास सोडला. "पण बाबा, डोन्ट पॅनिक हां. पुढच्या उजव्या टायरवर काहीतरी ऑइली आहे. इज इट अ लीक?"

मेधानं आईकडे बघितलं.

"मी नाही हो!" आई म्हणाली. "देवाशपथ! मी पाणीच घातलं."

मग त्या दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं.

आता हे कुणीही हिशोबी माणूस समजून घेईल. चारांपैकी तीन चाकं झाली होती. पंचाहत्तर टक्के. पंचाहत्तर टक्के काम झालेली वाहिनी मी कधी शहराच्या ताब्यात दिलेली नाही, मग पोरगी कशी देईन घाटाच्या ताब्यात? थेंबभरच घातलं होतं. बाहेरून. नुसत्या रबरावर.

"बाबा? आर यू देअर? काय करू?"

आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"शी'ल बी राइट."